वॉलिंगफर्ड : थेम्सकाठचं जुनं बाजारगाव एका दिवसात कसं बघावं?

थेम्सकाठी

लंडन-रीडिंगकडून एका दिवसात कुठे जाऊन यावं असा प्रश्न निघाला की विंडसर, ऑक्सफर्ड, बाथ ही उत्तरं ठरलेली. त्यात वॉलिंगफर्डचं नाव क्वचित येतं, म्हणून या धाग्यात माहिती एका जागी ठेवतोय. चुका दाखवा, भर घाला.

गाव ऑक्सफर्डशायरमध्ये, थेम्सच्या पश्चिम काठावर, ऑक्सफर्ड आणि रीडिंगच्या साधारण मधोमध. १९७४पर्यंत ते बर्कशायरमध्ये होतं, त्यामुळे जुन्या नकाशात आणि पुस्तकात ते बर्कशायरखाली शोधावं लागतं. नावातला 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार. इथे पात्र पायी ओलांडता यायचं, म्हणून गाव वसलं. १०६६मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर विल्यमनं लंडनला वळसा घालताना थेम्स इथेच ओलांडली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. किल्ला बघायला म्हणून जाल तर निराश व्हाल. किल्ला होता आणि मोठा होता. पण राजा आणि संसद यांच्या यादवी युद्धात तो राजाच्या बाजूनं शेवटपर्यंत लढला, १६४६च्या जुलैत शरण गेला आणि १६५२मध्ये सरकारी हुकमानं पाडला गेला. आज टेकाड, खंदक आणि भिंतींचे दोनचार तुकडे आहेत. बघायचं आहे ते त्याहून जुनं, म्हणजे सॅक्सन राजा आल्फ्रेडच्या काळातला मातीचा तट. गावाच्या तीन बाजूंना तट आणि चौथ्या बाजूला नदी, अशी ही आखणी. हजारावर वर्षं झाली तरी ती पायाखाली जाणवते.

त्या काळच्या तटबंदी गावांची एक यादी उपलब्ध आहे. कोणत्या गावाच्या वाट्याला किती 'हाइड' (जमिनीचं जुनं इंग्लिश माप) जमीन, ते तिच्यात लिहिलंय. वॉलिंगफर्डला २४००, तेवढेच विंचेस्टरला, आणि यादीतला हाच सर्वांत मोठा आकडा. हिशेब असा : दर हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर 'पोल'ला (साडेपाच यार्ड) चार माणसं. २४०० भागिले ४ म्हणजे ६०० पोल, म्हणजे ३३०० यार्ड, म्हणजे जवळजवळ ३ किलोमीटर तट. हा आकडा डोक्यात ठेवून फिरलात की नुसता गवताचा बांध दिसत नाही.

फिरायचा क्रम : मार्केट प्लेस, तिथून किनक्रॉफ्ट (नैर्ऋत्य कोपऱ्यातलं मोकळं मैदान, तट इथे छान दिसतो), मग हाय स्ट्रीट ओलांडून बुलक्रॉफ्ट, मग कासल गार्डन्स आणि कासल मेडोज, तिथून नदीकाठानं पुलाकडे, आणि थेम्स स्ट्रीटनं सेंट पीटर्स आणि सेंट लिओनर्ड्स ही चर्चेस करून परत. थांबत थांबत अडीच ते तीन तास. उलट दिशेनं करू नका. पुलावर आधी गेलात की पाय पाण्याकडेच वळतात आणि तट राहून जातो.

रूळबदल

चांगला धागा. पोचायचं कसं ते लिहितो, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

वॉलिंगफर्डला मुख्य मार्गावरचं स्टेशन नाही. तिकिटाच्या ॲपमध्ये शोधून 'स्थानक सापडत नाही' आलं की लोक नाद सोडतात. जवळचं स्टेशन चॉल्सी. ते पॅडिंग्टन-रीडिंग-डिडकॉट मार्गावर आहे, पण तिथे फक्त थांबत जाणाऱ्या गाड्या थांबतात. पॅडिंग्टनहून वेगवान गाडीनं रीडिंग आणि तिथून डिडकॉटकडची लोकल, हे सहसा जलद पडतं. ऑक्सफर्डहून आलात तर डिडकॉटला बदला. वेगवान गाडीत बसून चॉल्सी मागे टाकलंत तर डिडकॉटहून उलटं यावं लागतं.

चॉल्सी ते वॉलिंगफर्ड साधारण ५ किलोमीटर. पर्याय तीन.

बस : गावापर्यंत लोकल बस आहे, पण रविवारी भरवसा ठेवू नका.

पायी : तासाभराचं, सपाट. वाटेत चॉल्सीचं सेंट मेरीज चर्च. रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीची कबर त्याच्या आवारात आहे.

तिसरा पर्याय म्हणजे चॉल्सी-वॉलिंगफर्ड वारसा रेल्वे, स्थानिकांच्या तोंडी 'द बंक'. १८६६मध्ये सुरू झालेला हा फाटा १९५९मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. आता स्वयंसेवक चालवतात, अंतर अडीच मैल. गाडी चॉल्सीच्या ५ नंबर फलाटावरून सुटते. पण ती ठरावीक शनिवार-रविवार आणि बँक सुट्ट्यांनाच (सार्वजनिक सुट्ट्यांना) धावते, दर आठवड्याला नाही. त्यांच्या वेळापत्रकात तारीख बघितल्याशिवाय हिच्यावर बेत आखू नका. शिवाय वॉलिंगफर्डकडचं आताचं स्थानक मूळ जागी नाही, तिथे घरं झाली. ते हिदरक्रॉफ्ट रोडवर, गावाच्या कडेला आहे. बाजारपेठेपर्यंत चालत दहाएक मिनिटं.

रेल्वे नकोच असेल तर ऑक्सफर्ड-वॉलिंगफर्ड-रीडिंग अशी एक्स-४० बस सर्वांत सोपी. गावाच्या मध्यात उतरवते. इंग्लंडमधल्या एकेरी बसभाड्याला २०२५पासून ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे. रीडिंगकरांना रेल्वे आणि लोकल बस या जोडीपेक्षा हीच स्वस्त.

शुक्रवारचा बाजार

थेम्सकाठी, दिवस कुठला ते लिहिलंच नाहीत! बाजारगावाला बाजाराच्या दिवशीच जावं. सनदी बाजार शुक्रवारी, मार्केट प्लेसमध्ये, टाउन हॉलच्या पुढ्यात. भाजी, मासे, पाव, चीज, झाडं. सकाळी नऊ ते बारा सर्वांत चांगलं, दुपारी दोननंतर आवराआवर सुरू होते. सनद राजा दुसऱ्या हेन्रीची, ११५५ची. इंग्लंडातल्या फार थोड्या गावांना इतकी जुनी सनद आहे.

टाउन हॉल १६७०चा, दगडी खांबांवर उचललेला. खाली मोकळा मंडप, वर सभागृह. आपल्याकडच्या चावडीखाली बाजार भरावा तसा. खांबांखालचा भाग बघायला विसरू नका, सगळे वरचं घड्याळ बघून निघतात. समोरचं कॉर्न एक्स्चेंज १८५६चं. धान्याचे सौदे जिथे होत तिथे आता नाटक आणि सिनेमा होतो. सिनोडन प्लेअर्स ही स्थानिक नाट्यसंस्था ते चालवते. अगाथा ख्रिस्तीबाई १९५१पासून शेवटपर्यंत तिच्या अध्यक्ष होत्या.

रूळबदल

शुक्रवारी वारसा रेल्वे नाही हे लक्षात घ्या. बाजार हवा की गाडी, एक ठरवा. मुलं बरोबर असतील तर माझं मत गाडी.

शुक्रवारचा बाजार

मुलांना गाडी पंधरा मिनिटं पुरते. बाजार दोन तास पुरतो, आणि जेवणही तिथेच होतं. असो.

तटफिरस्ता

दोघांच्या भांडणात संग्रहालय राहिलं. हाय स्ट्रीटवरच्या फ्लिंट हाउसमध्ये, किनक्रॉफ्टला लागून. हंगामी आहे, साधारण मार्च ते नोव्हेंबर, आणि बहुधा दुपारीच उघडं. त्यामुळे मूळ लेखातला क्रम थोडा बदला : सकाळी बाजार आणि नदी, दुपारी संग्रहालय आणि मग तट. संग्रहालयात किल्ल्याची प्रतिकृती बघून मग कासल मेडोजमध्ये गेलात तर खड्डे-उंचवट्यांचा अर्थ लागतो. एरवी 'इथे काय आहे?' म्हणत पाच मिनिटांत बाहेर याल.

किल्ल्याबद्दल दोन ओळी. विल्यमचा सरदार रॉबर्ट डॉयली यानं तो १०६७ ते १०७१च्या दरम्यान बांधला. महाराणी मॅटिल्डा आणि राजा स्टीफन यांच्या गादीवरून झालेल्या भांडणात हे मॅटिल्डाचं ठाणं होतं. ११४२च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ती बर्फातून निसटली ती इथेच आली. ११५३मध्ये दोन्ही बाजूंची तडजोड इथेच ठरली : स्टीफन हयातभर राजा, त्याच्यानंतर मॅटिल्डाचा मुलगा हेन्री. तोच वरच्या सनदीतला हेन्री. सनद म्हणजे निष्ठेची परतफेड होती. बाजार आणि किल्ला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आणि मग गाव मागे का पडलं? एक मोठं कारण रस्ता. प्लेगच्या काळ्या साथीनं माणसं गेलीच, वर १४१६मध्ये ॲबिंग्डनला पूल झाला आणि पश्चिमेकडची वाहतूक तिकडे वळली. पुढे मुख्य रेल्वेही बाजूनं गेली. आज रस्त्यांची सॅक्सन आखणी शिल्लक आहे ती मुळात या हुकलेल्या संधींमुळे.

सावधगिरी : तटाच्या उतारावर पावसानंतर पाय घसरतो. मेडोजमध्ये उन्हाळ्यात गुरं चरतात, कुत्रं असेल तर बांधून न्या. संध्याकाळी फाटकं बंद होतात, वेळ फलकावर असते.

पाणलोट

पुलाबद्दल आणि पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वॉलिंगफर्डचा पूल सुमारे ९०० फूट (२७० मीटर) लांब आहे, पण नेहमीच्या पात्रावर त्यातल्या पाचएक कमानीच येतात. बाकीच्या पूर्वेकडच्या कुरणावर, कोरड्यात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा दगडाचा अपव्यय वाटतो. तसं नाही. त्या पूरकमानी. पूर आला की पाणी कुरणावर पसरतं. तिथे भराव घालून रस्ता उचलला असता तर सगळं पाणी पात्रातल्या मोजक्या कमानींतून गेलं असतं, पुलाच्या वरच्या अंगाला फुगवटा आला असता आणि खांबांच्या पायाखालची माती उकरली गेली असती. १८०९च्या पुरात पात्रातल्या कमानी खिळखिळ्या झाल्या आणि तीन नव्यानं बांधाव्या लागल्या. म्हणून मधल्या कमानी रुंद आणि गोल, कडेच्या मध्ययुगीन आणि टोकदार. पुढे रुंदीकरणही झालं, त्यामुळे खालून बघितलं की एकाच कमानीत दोन काळांचे दगड आणि मधला सांधा दिसतो. पूर्वेकडच्या कुरणात उतरा, पुलावरून काही कळत नाही.

पुलावर गाड्या आळीपाळीनं सोडतात आणि पदपथ अरुंद आहे. फोटोसाठी तिथे थांबू नका. जड वाहतूक १९९३पासून दक्षिणेच्या विंटरब्रुक पुलावरून जाते.

आता महाराष्ट्राशी नातं. पूल ओलांडला की क्रोमार्श गिफर्ड हे गाव. तिथल्या हॉवबेरी पार्कमध्ये एचआर वॉलिंगफर्ड ही जलशास्त्राची संस्था आहे. ती १९४७मध्ये सरकारी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आली. तिचे पहिले संचालक सर क्लॉड इंग्लिस. त्याआधीची त्यांची कारकीर्द मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात गेली, आणि पुण्याच्या संशोधन केंद्राचे ते प्रमुख होते. म्हणजे आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, ज्याची सुरुवात १९१६ची. नदीचं छोटं प्रारूप बांधून त्यात पाणी सोडून बघण्याची पद्धत त्यांनी पुण्यात मुरवली आणि तोच अनुभव घेऊन ते थेम्सकाठी आले. ज्ञान नेहमी तिकडून इकडे येतं असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

स्थापत्य शिकलेल्यांना पुराचा कमाल प्रवाह काढायचं इंग्लिस सूत्र आठवत असेल : पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचं, त्याला १२४नं गुणायचं, आणि क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळानं भागायचं. उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. १०० चौ. किमीला साधारण ११८०. हे सूत्र सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटासाठी आहे, थेम्सला लावू नका! इथला बराचसा पाणलोट चुनखडीच्या आणि खडूच्या खडकाचा. पाणी आधी मुरतं, मग सावकाश बाहेर येतं. त्यामुळे घाटातल्या नदीसारखा तासाभरात लोंढा येत नाही, पण आलेला पूर दिवसेंदिवस ओसरत नाही. जानेवारी २०२४मध्ये हे सगळ्या थेम्स खोऱ्यानं पाहिलं.

यातून प्रवाशाला कामाची गोष्ट एकच : आकाश निरभ्र आहे म्हणून नदीकाठची वाट कोरडी असेल असं धरू नका. नोव्हेंबर ते मार्च या काळात निघण्याआधी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पाणीपातळी बघा.

हॉवबेरी पार्क हा कार्यालयांचा परिसर आहे, आत पर्यटकांसाठी काही नाही.

कुळवाडी

क्रोमार्शचं नाव निघालंच आहे तर : जेथ्रो टल या इंग्लिश शेतीसुधारकानं बी पेरायचं यंत्र १७०१च्या सुमारास तयार केलं ते याच भागात. आपली तिफण-पाभर नळ्यांतून ओळीत बी सोडते ते काम त्याहून कितीतरी जुनं. टलच्या यंत्रात नवं होतं ते फिरत्या खाचेच्या रुळानं बी मोजून सोडणं. पाभरीत ती मोजणी पेरणाऱ्याच्या मुठीत असते.

अनवाणी

नदीकाठच्या वाटेनं गोरिंगपर्यंत चालत जायचा विचार आहे. जमेल का? आणि नदीत पोहता येतं का?

तटफिरस्ता

जमेल. सुमारे ११ किलोमीटर, तीन ते साडेतीन तास, चढ नाही. पण पश्चिम काठानं जाणारी थेम्स पाथ ही राष्ट्रीय वाट धरा. पूर्व काठाच्या बाजूनं रिजवे ही दुसरी राष्ट्रीय वाट येते आणि दोन्हींच्या पाट्यांवर ओकच्या फळाचीच खूण असते. विंटरब्रुकचा पूल मागे पडला की गोरिंगपर्यंत पायी नदी ओलांडायला जागा नाही. वाट चुकली तरी शेवटी गोरिंगलाच पोचाल, पण जेवायचं ठिकाण पलीकडच्या काठावर ठरवलं असेल तर उपास.

मोल्सफर्डला ब्रुनेलचा विटांचा तिरकस रेल्वेपूल लागतो. त्याच्या खाली उभं राहून विटांच्या तिरप्या ओळी बघा. त्यानंतर वाट नदी सोडून गावातल्या ए-३२९ रस्त्यावर येते. जुनी ओढवाट (काठावरून होड्या ओढायची वाट) इथे पलीकडे जायची, आणि नावेची फेरी आता नाही. 'बीटल अँड वेज' या उपाहारगृहाकडच्या गल्लीनं पुन्हा काठावर. शेवटी स्ट्रीटली, पूल, आणि पलीकडे गोरिंग स्टेशन. तिथून रीडिंगकडे गाड्या.

उलट दिशेला, डॉर्चेस्टरकडे जायचं असेल तर बेन्सन लॉकला (लॉक म्हणजे होड्या वर-खाली नेणारा दारांचा हौद) बांधावरून नदी ओलांडावी लागते. तो पादचारी मार्ग मध्यंतरी सुरक्षेसाठी बंद होता. थेम्स पाथच्या संकेतस्थळावर ताजी सूचना बघूनच निघा.

पाणलोट

पोहण्याबद्दल : वॉलिंगफर्ड बीच ही जागा २०२४मध्ये अधिकृत स्नानस्थळ म्हणून जाहीर झाली. याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा नाही. १५ मे ते ३० सप्टेंबर या हंगामात तिथलं पाणी तपासलं जातं, ई. कोलाय आणि एंटरोकोकाय या जिवाणूंसाठी, एवढाच. निकाल फलकावर आणि संकेतस्थळावर लागतो. जोराच्या पावसानंतर मैलापाणी नदीत सुटतं, दोनतीन दिवस उतरू नका. पुलाच्या खांबांजवळ कधीच नको, तिथे ओढ असते. मुलांसाठी पूर्व काठावरच्या रिव्हरसाइड पार्कमधला उघडा तलाव बरा, तो फक्त उन्हाळ्यात.

बेन्सन ते क्लीव्ह या लॉकांमध्ये साडेसहा मैल सलग पाणी आहे, टेडिंग्टनच्या वरच्या, म्हणजे भरती-ओहोटी नसलेल्या थेम्समध्ये सर्वांत लांब. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे वल्हेकरी म्हणूनच इथे सराव करतात. त्यांच्या लांब होड्या झटकन वळत नाहीत, आणि वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते. पोहणाऱ्यानं रंगीत टोपी घालून काठ धरावा. भाड्याच्या होडीवाल्यांनी लॉकवरचे फलक बघावेत : पिवळा म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, लाल म्हणजे जोरात आहे, बाहेर पडू नका.

शुक्रवारचा बाजार

अगाथा ख्रिस्तीच्या चाहत्यांसाठी : विंटरब्रुक हाउस हे त्यांचं घर १९३४पासून, १९७६मध्ये त्या तिथेच वारल्या. घर खाजगी आहे. रस्त्यावरून निळी पाटी बघायची आणि पुढे व्हायचं, फाटकातून आत डोकावू नये. बाकावर बसलेला त्यांचा कांस्य पुतळा २०२३मध्ये संग्रहालयाजवळ बसवला. फोटो तिथे काढा.

सेंट पीटर्सचा जाळीदार मनोरा रॉबर्ट टेलरचा, १७७०च्या दशकातला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून जावं. इंग्लिश कायद्याचा भाष्यकार विल्यम ब्लॅकस्टोन तिथे पुरलेला आहे. तो या गावचा रेकॉर्डर, म्हणजे गावच्या न्यायालयाचा न्यायाधीश होता.

आडवाट

स्टोक रो इथल्या महाराजांच्या विहिरीचा विषय कुणीच कसा काढला नाही? वॉलिंगफर्डपासून गाडीनं वीसेक मिनिटं.

चिल्टर्न टेकड्यांत खडूचा खडक, पाणी फार खोल. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी खर्च देऊन तिथे विहीर खणवली, १८६४मध्ये खुली झाली. सल्लागार एडवर्ड रीड, याच भागातला इप्सडेनचा, उत्तर हिंदुस्थानात अधिकारी. त्यानं तिकडे विहीर खणवली होती आणि आपल्या गावाकडच्या पाणीटंचाईबद्दल महाराजांना सांगितलं होतं. खोली ३६८ फूट (११२ मीटर), रुंदी अवघी ४ फूट, सगळी हातानं खणलेली. वरची यंत्रसामग्री वॉलिंगफर्डच्याच वाइल्डर कारखान्याची. रहाटावर सोनेरी हत्ती, वर घुमट. रखवालदाराच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव 'ईश्री बाग'. राजे-रजवाड्यांच्या दानाची आपल्याकडची रीत, विहीर आणि तिच्या देखभालीला जमीन, जशीच्या तशी.

बघायला फी नाही. रहाट चालवून दाखवत नाहीत. बसनं जायचा प्रयत्न करू नका, वॉलिंगफर्डहून टॅक्सी करा आणि परतीची आधीच ठरवा. गावात उभी टॅक्सी मिळत नाही.

अनवाणी

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न : आईंना चाकांच्या खुर्चीतून न्यायचं आहे. काय वगळू?

थेम्सकाठी

कासल मेडोज आणि तटाचे उतार वगळा. मार्केट प्लेस, हाय स्ट्रीटचा रुंद भाग, किनक्रॉफ्टची कडेची वाट, कासल गार्डन्सचा सपाट भाग हे होतं. पुलाच्या पदपथावर खुर्ची आणि समोरून माणूस आला की अडचण, म्हणून पूर्व काठावर गाडीनंच जा. कुरणातून पूल सर्वांत चांगला दिसतोच, पण पाऊस झाला असेल तर खुर्चीची पुढची छोटी चाकं चिखलात रुततात, तेव्हा पक्की जागा सोडू नका. वारसा रेल्वेला आधी फोन करून खुर्ची चढवायची उतरती फळी (रॅम्प) सांगून ठेवा. चॉल्सीच्या मुख्य स्थानकावर फलाट बदलायला भुयार आणि पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथून येण्यापेक्षा एक्स-४० बस किंवा गाडी. गाडी कॅटल मार्केटच्या वाहनतळावर लावा, तिथून बाजारपेठ जवळ आणि वाट सपाट. शुक्रवारी मात्र दहाच्या आत पोचा.